छापल्यावर फोटो फुटतो: दोष कुठे शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी

साताऱ्यात शाळेचा वार्षिकांक, गणेश मंडळाची अहवाल-पुस्तिका, गावच्या यात्रेचा फलक किंवा घरच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली की एक तक्रार हमखास ऐकू येते. मोबाइलवर अगदी नितळ दिसणारा फोटो कागदावर उतरला की चेहरे पुसट होतात, कडांवर पायऱ्या दिसू लागतात आणि कास पठारावर टिपलेल्या फुलांचा जांभळा रंग मळकट पडतो. अशा वेळी दोष बहुधा छपाईच्या यंत्राला दिला जातो, किंवा डिझाइन करणाऱ्याला ‘जरा शार्प करा’, ‘डीपीआय (एका इंचातील बिंदूंची संख्या) वाढवा’ असे सांगितले जाते, आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार पुन्हा येते. छपाई हा या साखळीतला शेवटचा टप्पा असून हानी जवळजवळ नेहमी त्याआधीच झालेली असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून शोध कागदापासून सुरू करून मूळ फाइलपर्यंत मागे न्यावा लागतो.

आधी पिक्सेल मोजावेत

डिजिटल फोटो म्हणजे आडव्या-उभ्या रांगांत मांडलेल्या चौकोनी बिंदूंचा तक्ता होय. या प्रत्येक बिंदूला पिक्सेल म्हणतात आणि त्यात लाल, हिरवा व निळा या तीन रंगांची तीव्रता ० ते २५५ यांमधील एकेका आकड्याने नोंदलेली असते. या तीन आकड्यांच्या मेळातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा मिळू शकतात. कॅमेऱ्याने ४००० × ३००० पिक्सेल नोंदले असतील, तर त्या दृश्याविषयी आपल्याकडे १ कोटी २० लाख बिंदूंची माहिती असते. त्यातली निम्मी वाटेत गळून गेली, तर ती जशीच्या तशी परत आणणारे कोणतेही बटण संगणकात नाही.

त्यामुळे पहिली तपासणी पिक्सेलच्या संख्येची करावी. विंडोजमध्ये फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘डिटेल्स’ उघडल्यास ही संख्या दिसते. मोबाइलच्या गॅलरीतही फोटोच्या माहितीत ती दिलेली असते. आपल्याकडे सवयीने ‘फाइल किती एमबीची आहे?’ असे विचारतात, पण त्या आकड्यावर विसंबून राहू नये. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो कोणतेही संकोचन (जागा वाचवण्यासाठी माहिती आवळणे) न करता साठवला तर ३ कोटी ६० लाख बाइट जागा घेतो. जेपेग स्वरूपात तोच फोटो काही मोजक्या एमबींत बसतो, आणि पिक्सेल तितकेच असूनही गवताने भरलेल्या पठाराचा फोटो कोऱ्या भिंतीच्या फोटोपेक्षा बराच जड होतो.

पिक्सेलची संख्या कळली की ती छपाईच्या इंचांनी भागावी. पुस्तक किंवा पत्रिका हातात धरून पाहिली जाते, आणि तिथे एका इंचात सुमारे ३०० पिक्सेल लागतात. हा आकडा डोळ्याच्या क्षमतेवरून आलेला आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखता येतो. ३० सेंटीमीटर अंतरावर हा फरक जवळजवळ ०.०८७ मिलिमीटर होतो आणि असे सुमारे २९० भाग एका इंचात बसतात. या हिशेबाने १६०० × १२०० पिक्सेलचा फोटो ५.३ × ४ इंचांपर्यंत व्यवस्थित छापता येतो. तोच फोटो ए-फोर कागदावर आडवा पानभर पसरला तर इंचामागे जेमतेम १३७ पिक्सेल उरतात, आणि तिथे तो फुटलेला दिसणारच. पूर्ण ए-फोर पानासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत.

मोबाइलवर हा दोष कसा लपतो, तेही यावरून समजते. सर्वसाधारण मोबाइलच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते. १६०० पिक्सेलचा आडवा फोटो त्यावर लहान करून दाखवला जातो, आणि लहान करताना अनेक पिक्सेलची सरासरी निघत असल्यामुळे हललेला हात, चुकलेला फोकस आणि संकोचनाचे डाग तिन्ही झाकले जातात. पडद्यावरचे समाधान छपाईसाठी पुरावा म्हणून चालत नाही.

फलकाचा हिशेब निराळा असतो. पोवई नाक्यावरचा दहा फूट रुंद फ्लेक्स माणूस निदान पाच मीटरवरून पाहतो, आणि त्या अंतरावर डोळ्याला इंचामागे सतरा-अठरा पिक्सेलपेक्षा जास्त बारकावा दिसतच नाही. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो दहा फुटांवर इंचामागे ३३ पिक्सेल देतो, म्हणजे तो पुरून उरतो. एकच फाइल फ्लेक्सवर सुंदर आणि त्याच कार्यक्रमाच्या पुस्तिकेत पुसट का दिसते, याचे कोडे इथे सुटते.

मात्र फोटोतला तुकडा कापून मोठा केला की हे गणित कोसळते. श्रद्धांजलीच्या फलकासाठी अनेकदा लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून एकच चेहरा उचलला जातो. मूळ फोटो ४००० पिक्सेलचा असला तरी त्या चेहऱ्याच्या वाट्याला दोनशेच पिक्सेल आलेले असतात, आणि दोन फूट रुंदीवर ते पसरले की इंचामागे आठ पिक्सेल उरतात. चेहरा ओळखू येतो, म्हणून घरच्यांना वाटते की फोटो पुरेसा आहे. पण ओळखू येण्यासाठी फार थोडी माहिती पुरते. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात स्कॅन केला तेव्हा त्यात फक्त १७६ × १७६ पिक्सेल होते, तरीही बाळाचा चेहरा स्पष्ट ओळखता येतो. अशा प्रसंगी घरच्यांकडे दुसरा, जवळून काढलेला फोटो आहे का हे आपुलकीने विचारावे; नसेल तर फलकावर चेहऱ्याची चौकट लहान ठेवून बाजूला मोकळी जागा सोडावी. डिजिटल झूम वापरून काढलेल्या फोटोलाही हाच नियम लागू होतो, कारण तो झूम म्हणजे कापून मोठे करणेच असते.

‘डीपीआय ३०० करून द्या’

या विनंतीमुळे जितका वेळ वाया जातो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल. फाइलच्या माहितीत ७२ किंवा ९६ असा जो डीपीआयचा आकडा दिसतो, ती केवळ एक नोंद आहे: हे पिक्सेल छापताना एका इंचात किती बसवायचे, एवढेच ती सांगते. ४००० पिक्सेलच्या फोटोवर ७२ लिहिले असले तरी त्यातला एकही पिक्सेल कमी होत नाही, आणि ६०० पिक्सेलच्या फोटोवर ३०० लिहिले म्हणून तो दोन इंचांपेक्षा मोठा छापण्याजोगा होत नाही. फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’ चौकटीत ‘रिसॅम्पल’ ही खूण काढून मगच हा आकडा बदलावा. गिम्पमध्ये त्यासाठी ‘प्रिंट साइझ’ ही वेगळी आज्ञा आहे. रिसॅम्पलची खूण तशीच राहिली तर संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, फाइल फुगते आणि फोटो होता तितकाच पुसट राहतो.

फोटो कोणत्या वाटेने आला

पिक्सेल कमी निघाले तर पुढचा प्रश्न असा की ते मुळात कमी होते की वाटेत गेले. फाइलच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे आणि चार आकडे असतील, तर ती फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली आहे. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू कमी करून बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास आणली जाते, वर जेपेगचे संकोचनही वाढवले जाते. आणखी एक खूण अशी की कॅमेऱ्याचे नाव, शटरचा वेग वगैरे टिपणाच्या नोंदी अशा फाइलमधून काढून टाकलेल्या असतात. ‘डिटेल्स’मध्ये त्या जागा रिकाम्या दिसल्या तर फाइल मूळ नसल्याचा संशय घ्यावा. फोटो गॅलरीत साठवून पुन्हा नव्याने पाठवला की त्यावर आणखी एक संकोचन चढते. स्क्रीनशॉटची अवस्था याहून वाईट असते, कारण त्यात पडद्याचे पिक्सेल येतात, फोटोचे येत नाहीत.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो पाठवणाऱ्याच्या हातात आहे. व्हॉट्सॲपमध्ये फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर फाइल जशीच्या तशी पोहोचते. २०२३ मध्ये आलेल्या ‘एचडी’ पर्यायाने पिक्सेल अधिक राहतात, पण तिथेही संकोचन होतेच, म्हणून छपाईसाठी मी तो पर्याय सुचवत नाही. ई-मेल, ड्राइव्हची लिंक किंवा सरळ पेनड्राइव्ह चालेल. वार्षिकांकासाठी फोटो मागवताना ही सूचना पहिल्याच निरोपात लिहावी. अंक जुळत आल्यावर दोनशे पालकांकडून मूळ फोटो पुन्हा मागवणे कोणालाच जमत नाही.

मोठे करून पाहिल्यावर काय दिसते

पिक्सेल पुरेसे असूनही फोटो खराब दिसत असेल, तर तो संगणकावर आधी १०० टक्के आणि मग ४०० टक्के मोठा करून पाहावा. इथे लक्षणे नीट वेगळी ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते आणि उपायही वेगळा असतो. सगळे तपशील एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले तर कॅमेरा हललेला आहे. मागचा डोंगर स्वच्छ आणि पुढचा चेहरा मऊ असेल तर फोकस चुकला आहे. सर्वत्र सारखाच मऊपणा असेल तर कोणीतरी लहान फोटो अंदाजाने मोठा करून दिला आहे, आणि त्या फाइलची मोठी पिक्सेलसंख्या दिशाभूल करणारी आहे. बारीक चौकोनी फरशा बसवल्यासारखे दिसले, किंवा अक्षरांच्या आणि फांद्यांच्या कडेला धुरकट ठिपके दिसले, तर ते जेपेगचे काम आहे.

या शेवटच्या लक्षणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९९२ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या जेपेग पद्धतीत फोटो ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत तोडला जातो आणि प्रत्येक चौकटीतील ६४ आकड्यांचे रूपांतर दुसऱ्या ६४ आकड्यांत केले जाते. त्यांतले पहिले काही आकडे चौकटीतील ठळक चढउतार सांगतात आणि शेवटचे आकडे अगदी बारीक तपशील सांगतात. हे रूपांतर बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडले होते, आणि आपण पाहतो तो जवळजवळ प्रत्येक जेपेग फोटो त्यावरच उभा आहे. रूपांतर स्वतः काहीच गमावत नाही. हानी त्यानंतरच्या पायरीत होते, जिथे बारीक तपशिलांचे आकडे ढोबळ करून त्यांतले बहुतेक शून्यावर आणले जातात. गुणवत्तेचा आकडा जितका खाली ठेवावा तितके अधिक आकडे शून्य होतात, आणि शेजारच्या चौकटी एकमेकींशी जुळेनाशा होऊन फरशा दिसू लागतात. शिवाय डोळा उजेडाइतक्या बारकाईने रंग पाहत नसल्यामुळे रंगाची माहिती बहुधा आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी निम्मी करून साठवली जाते.

कासच्या फोटोंना याचा फटका विशेष बसतो. हिरव्या गवतात विखुरलेले गेंदाचे पांढरे गोळे, तेरड्याच्या गुलाबी पाकळ्या, सीतेच्या आसवांची इवली जांभळी फुले ही सगळी दृश्ये बारीक तपशिलांची आणि बारीक रंगबदलांची आहेत, आणि जेपेग नेमके तेच आधी टाकून देते. लांबून काढलेल्या फोटोत फूल दोन-तीन पिक्सेलचेच असेल, तर त्याचा गुलाबी रंग शेजारच्या गवतात मिसळून जातो. म्हणून अशा ठिकाणी कॅमेऱ्याची गुणवत्ता सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावी आणि सुविधा असल्यास रॉ फाइलही, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेली कच्ची माहिती, घ्यावी.

एकाच जेपेग फाइलवर आज थोडे, उद्या थोडे काम करून ती दर वेळी साठवत जाणे हेही नुकसानीचे आहे, कारण दर वेळी आकडे पुन्हा ढोबळ होतात. काम चालू असेपर्यंत फोटो टिफ, पीएनजी किंवा त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवावा आणि जेपेग अगदी शेवटी, एकदाच काढावे.

दुरुस्ती आणि तिची मर्यादा

मूळ फाइल मिळवणे हाच पहिला आणि सर्वांत चांगला उपाय आहे, आणि त्यासाठी एक फोन करायला कधीच कंटाळू नये. ती मिळत नसेल तर फोटो लहान छापावा. लहान छापणेही शक्य नसेल तर मोठा करताना ‘बायक्यूबिक’ किंवा ‘लँक्झोस’ पद्धत निवडावी. ‘निअरेस्ट नेबर’ पद्धतीत शेजारच्या पिक्सेलची केवळ नक्कल होते आणि तिरक्या कडांवर पायऱ्या उमटतात. फरशा दिसत असतील तर आधी हलकासा नॉइज काढण्याचा फिल्टर लावावा, मग आकार वाढवावा आणि तीक्ष्णता सर्वांत शेवटी, छपाईच्या आकारावर वाढवावी. हा क्रम उलटला तर संकोचनाचे डागच तीक्ष्ण होतात. तीक्ष्णतेचा फिल्टर नवा तपशील आणत नाही. तो कडेच्या एका बाजूचा उजेड आणि दुसऱ्या बाजूचा अंधार थोडा वाढवतो, आणि अतिरेक झाला की डोक्याभोवती पांढरी रेघ दिसू लागते. उन्हात पूर्ण पांढरे झालेले कपाळ किंवा आकाशही परत आणता येत नाही, कारण तिन्ही आकडे २५५ वर टेकले की त्याखाली काय होते याची नोंदच उरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो मोठा करणारी साधने आता सर्वांच्या हाती आली आहेत. देखावा, झाडे, सजावट यांसाठी ती वापरायला माझी हरकत नाही. ती साधने हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत, तर तिथे काय असू शकेल याचा विश्वसनीय वाटणारा अंदाज रंगवतात. त्यामुळे दिवंगत व्यक्तीच्या चेहऱ्यावर ती वापरली तर घरच्यांना अनोळखी वाटणारे डोळे समोर येऊ शकतात. मोडी कागदपत्रांच्या बाबतीत तर मी ती साफ टाळावीत असेच म्हणेन. सातारा छत्रपतींची राजधानी होती आणि या भागात जुने कागद जपणारी घरे आहेत. अशा कागदाच्या पुसट फोटोवर यंत्राने एखादे वळण ठळक केले किंवा एखादी रेघ वाढवली, तर अक्षर बदलते, आणि पुढच्या वाचकाला ती रेघ मूळची की यंत्राची हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

कासचा जांभळा मळकट का पडतो

फोटो तीक्ष्ण छापला गेला तरी रंगाची तक्रार उरते. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग तयार करतो, तर छपाईत निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतात. जांभळा आणि गडद निळा हे सायन व मॅजेंटा एकमेकांवर छापून मिळवावे लागतात. या दोन्ही शाया पूर्ण शुद्ध नसतात आणि जो प्रकाश परत यायला हवा त्यातलाही काही भाग शोषून घेतात, म्हणून पडद्यावरचा झळाळता जांभळा कागदावर मिळतच नाही. याउलट सोनकीचा पिवळा रंग उत्तम उतरतो, कारण पिवळी शाई स्वतःच उपलब्ध असते.

उपाय इतकाच की हा फरक छपाईपूर्वी पाहून घ्यावा. प्रेसकडून त्यांचे रंगप्रोफाइल, म्हणजे त्यांच्या यंत्रावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल, मागून फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये ‘सॉफ्ट प्रूफ’ चालू केले की छापल्यावर रंग साधारण कसा दिसेल हे पडद्यावर कळते. जांभळ्या भागात पिवळी आणि काळी शाई कमी करावी, कारण पिवळा हा निळ्या-जांभळ्याचा विरोधी रंग असून त्याचा थोडा अंशही रंग राखाडी करतो. मुखपृष्ठावर असा फोटो असेल तर आर्ट पेपर घ्यावा. साध्या कागदात शाई मुरते आणि रंग आणखी मंद पडतो. काही नव्या मोबाइलचे फोटो एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या सर्वसाधारण रंगपट्ट्यापेक्षा विस्तृत रंगपट्ट्यात साठवलेले असतात. त्यांच्यातील प्रोफाइल वाटेत गळाले तर रंग पडद्यावरच फिके दिसतात, त्यामुळे रूपांतर करताना प्रोफाइल फाइलमध्ये ठेवण्याची खूण तपासावी.

जुने फोटो, वर्ड आणि पीडीएफ

घरातला जुना फोटो ट्यूबलाइटखाली मोबाइलने टिपण्याऐवजी स्कॅन करावा. ३.५ × ५ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की २१०० × ३००० पिक्सेल मिळतात आणि तो ७ × १० इंचांपर्यंत मोठा छापता येतो. वर्तमानपत्रातले कात्रण किंवा जुन्या अंकातला फोटो मात्र मुळातच शाईच्या ठिपक्यांनी बनलेला असतो. स्कॅनरची जाळी आणि ठिपक्यांची जाळी एकमेकींत अडकून लाटांसारखी नक्षी उमटते. तिथे स्कॅनरचा ‘डिस्क्रीन’ पर्याय वापरावा, किंवा ६०० ला स्कॅन करून हलका ‘गॉशियन ब्लर’ द्यावा आणि मग आकार निम्मा करावा.

सगळे नीट करूनही अंकातले फोटो पुसट आले, तर शेवटच्या दोन जागा तपासाव्यात. लेखासोबत फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून आले असतील, तर वर्ड साठवताना ते सहसा इंचामागे २२० पिक्सेलवर आणून ठेवते, आणि तेही पानावर फोटो जितका लहान केला असेल त्या आकाराच्या हिशेबाने. म्हणून फोटो नेहमी वेगळ्या फाइलमध्ये मागवावेत आणि वर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत संकोचन बंद करण्याची खूण लावावी. पीडीएफ काढताना ‘सर्वांत लहान फाइल’ अशा अर्थाची मांडणी निवडलेली असेल, तर ती सगळ्या फोटोंचे पिक्सेल एका झटक्यात कमी करते. प्रेसला द्यायची पीडीएफ उघडून त्यातला एखादा चेहरा ४०० टक्के मोठा करावा आणि तोच चेहरा मूळ फाइलमध्ये तितकाच मोठा करून शेजारी ठेवून पाहावा. दोहोंत फरक दिसला तर पीडीएफ पुढे न पाठवता छपाईच्या गुणवत्तेची मांडणी निवडून ती नव्याने काढावी.